तिसरी खूण

१४ एप्रिल १९८६
मिडलंड, टेक्सस

ऑर्व्ह,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडलं नसशील तर पुढं वाच. फाडलं असशील तर डार्लीन तुकडे जुळवून वाचेल. आता तुझी बायको असली तरी माझी बहीण आहे ती, तिचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

अकरा वर्षांनी लिहितोय. दर नाताळात तुझं कार्ड येतं, एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडं धक्के खात, कधी मार्चमध्ये, एकदा तर जूनमध्ये. एकालाही मी उत्तर दिलं नाही. पण एकही टाकून दिलं नाही, एवढं तरी खरं मान. डाव्या हातानं लिहायला लागलास तेव्हा तुझं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय होते. आता माझ्या उजव्यापेक्षा बरं आहे.

मी बरा आहे. चौतिसाव्या वर्षीही बेसबॉलचे चेंडू टाकत फिरणारा पिचर जितका बरा असू शकतो तितका. सकाळी खांदा करकरतो आणि अंगाला मलमाचा इतका वास येतो की बसमध्ये शेजारची सीट नेहमी रिकामी. मोठ्या लीगमधली माझी अडीच वर्षं संपली त्याला सात वर्षं होतील. तेव्हापासून हे असंच, खालच्या लीगमध्ये, या गावातून त्या गावात. टीममधली पोरं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांची गाणी मला कळत नाहीत, माझ्या विनोदांवर ती हसत नाहीत. जेवायला मी एकटाच जातो. वेट्रेस विचारते, "एकच ना?" मी म्हणतो, हो बाई, एकच. रोज विचारते.

असो. मुद्द्याचं बोलतो. डार्लीनचं पत्र आलंय. लिबुशा गावच्या कमिटीनं तिथल्या पोरांची टीम तुझ्या हाती द्यायचं ठरवलंय आणि तू नाही म्हणतोयस. ती लिहिते, "त्याला म्हटलं, अरे, त्या धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं लिहीत बसण्यापेक्षा पोरांना चार गोष्टी शिकव. तर म्हणतो, ज्याला स्वतःची बोटं मोजता आली नाहीत त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं." कमिटी एक जूनपर्यंत थांबणार. मग ती टीम म्हणे पेट्रोल पंपवाल्याला देणार, ज्यानं जन्मात कधी कॅचरचा मुखवटा तोंडावर चढवला नाही.

तू समजाव, असं तिनं मला लिहिलंय. म्हणून समजावतो. फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारा तुझ्यासारखा कॅचर मी पाहिला नाही, आणि मोठ्या लीगमधलेही मी पाहिलेत. टीम घे. झालं समजावून.

तुझ्या पहिल्या कार्डात एक प्रश्न होता. "ली, रागवत नाही, फक्त एवढंच सांग, मी एक बोट दाखवलं होतं की दोन?" पुढच्या दहा कार्डांत तू तो परत विचारला नाहीस. ऑर्व्ह, तो प्रश्न जुना झाला. तुझा अंगठा गेला त्याचं मला वाईट वाटतं, पण खेळात असं होतं. सोडून दे.

ली


३ मे
एल पासो

ऑर्व्ह,

उत्तर नाही. तक्रार करायला मला तोंड नाही. अकरा कार्डांच्या मानानं माझं एकच पत्र झालंय.

आमचा कॅचर फॉन्तेनो म्हणून आहे, लुइझियानाचा. वय चोवीस, तोंडाचा पट्टा अखंड चालू. फलंदाजाशी बोलतो, अंपायरशी बोलतो, स्वतःच्या बुटांशी बोलतो. मला "आजोबा" म्हणतो. काल म्हणाला, "आजोबा, तू पिचिंग करताना मला झोप येते. मी मागेन तेच टाकतोस. कधीतरी भांड ना गड्या!" तुला आवडला असता. तुझ्यासारखाच तो चेंडू सुटायच्या आधी गुडघा जरासा आत घेतो. पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि माझा चेंडू सरळ जाळीत गेला.

डार्लीनचं आणखी एक पत्र आलं. छोटंसंच. तू जेवताना टेबलावर बोटं मांडून बघतोस म्हणे. एक, एक, दोन, एक. मग पुसून टाकल्यासारखा हात फिरवतोस आणि परत मांडतोस. तिनं विचारलं की म्हणतोस, काही नाही. ताटातलं गार होतं. ती लिहिते, "अकरा वर्षं मी हे बघतेय, ली. मला यातलं काही कळत नाही, पण तुला कळत असणार."

बरं बाबा, सांगतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मला एक दिसलं. म्हणजे एक दिसल्यासारखं वाटलं. त्या दिवशी सूर्य बरोबर तुझ्या डोक्यामागं होता, माझ्या डोळ्यांत घाम उतरलेला, आणि तुझी बोटं मांड्यांच्या सावलीत. कोणाचीही चूक होऊ शकते. तुझी झाली असेल, माझी झाली असेल. दोघांत वाटून घेऊ. निम्मी तुझी, निम्मी माझी. आणि तू टीम घे.

फोन करणार होतो. नंबर फिरवला, शेवटचा आकडा सोडून. मग ठेवून दिला. तू "हॅलो" म्हणालास तर काय बोलायचं ते ठरेना.

ली


१९ मे
मिडलंड

ऑर्व्ह,

सूर्याचं लिहिलं ते खोटं. तू हसला असशील वाचून. आपल्या जुन्या टीमचं बेलनॅपचं मैदान तू विसरणार आहेस होय! सूर्य कायम पिचरच्या पाठीमागं असायचा तिथं. डोळ्यांवर हात धरायची पाळी तुझी होती, माझी नव्हती. खोटं बोलायचं तेही धड जमलं नाही.

परवा इथं एक तमाशा झाला, तो सांगतो. सातव्या डावात मला मैदानात धाडलं. दोन धावांची आघाडी, दोन बेसवर त्यांचे धावणारे उभे. समोरचा फलंदाज वळणाऱ्या चेंडूचीच वाट बघत होता, हे त्याच्या खांद्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं. फॉन्तेनोनं दोन बोटं दाखवली. मी मान डोलावली. टाकला वळणारा. अजून तो चेंडू खाली आलेला नाही, पार्किंगमधल्या ट्रकांच्याही पलीकडं गेला.

फॉन्तेनो मुखवटा काढून तणतणत माझ्यापर्यंत आला. "ए आजोबा, मी चुकीचा मागितला हे तुला कळलं होतं की नाही? खरं सांग."

"कळलं होतं."

"मग मान आडवी हलवायला काय झालं होतं? मानेत वात शिरलाय का? दोन महिने बघतोय, नंदीबैलासारखा नुसता हो-हो करतोस. नाही म्हण की! मी काय देव आहे का?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी." तो म्हणाला, "पुढची वेळ तुला मिळाली म्हणजे!" आणि पाय आपटत परत गेला.

ऑर्व्ह, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. अकरा वर्षांत मी एकाही कॅचरला नाही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. मागेल तो चेंडू, मागेल तिथं. मोठ्या लीगमध्ये पहिलं वर्ष छान गेलं, कारण तिथला कॅचर जुना आणि हुशार होता. तो गेला आणि नवा आला, तो घाबरट. प्रत्येक वेळी वळणारा मागायचा. मला कळायचं की हा मार खायचा चेंडू आहे, आणि मी मान डोलवायचो. मार खायचो. पिचिंगचा कोच सगळ्यांदेखत म्हणाला, "याच्या हातात जोर आहे, पण छातीत काही नाही." त्याला मी काय सांगणार होतो? त्यांनी मला खाली धाडलं, आणि तिथून मी परत कधी वर गेलो नाही.

मी स्वतःला समजावत होतो की हे तुझ्यासाठी करतोय. पण तुला तर त्याचा पत्ताच नव्हता. तू नेब्रास्कात ट्रकांची वजनं लिहीत होतास.

डार्लीननं काल फोन केला. ती रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "लग्नाला आला नाहीस, पप्पा गेले तेव्हा फुलं धाडलीस. मला वाटलं, मोठा झाला, आम्हाला विसरला. पण विसरलेला माणूस असं सूर्याचं-बिर्याचं लिहीत नाही. काय लपवतोयस तू?" मी म्हटलं, इथं लोक रांगेत उभे आहेत, फोन ठेवतो. रांग नव्हती. मोटेलच्या त्या फोनपाशी मी एकटाच होतो, आणि ठेवल्यावरही बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

एक जूनला तेरा दिवस राहिलेत. पत्राला चार लागतात.

ली


२६ मे
मिडलंड

ऑर्व्ह,

आता सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण डार्लीनही वाचणार आणि तिला कोणी कधी नीट सांगितलं नसेल.

डार्लीन, कॅचर पायांमध्ये बोटं दाखवून पिचरला चेंडू सांगतो. एक म्हणजे सरळ, पूर्ण वेगाचा. दोन म्हणजे वळणारा. पण दुसऱ्या बेसवर समोरचा धावणारा उभा असला की त्यालाही ती बोटं दिसतात, आणि तो फलंदाजाला इशारा करू शकतो. म्हणून अशा वेळी कॅचर एकाऐवजी चार खुणा करतो. त्यातली खरी कुठली, ते फक्त त्या दोघांत ठरलेलं. त्या डावापुरती ऑर्व्हनं आणि मी तिसरी खूण खरी धरली होती. आणि आमच्या मॅनेजरचा, क्रोलचा, नियम होता की नव्या पिचरनं कॅचरला नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमचं सामान बसमध्ये एकट्यानं चढवायचं. ऑर्व्ह माझ्याहून तीन वर्षांनी मोठा होता, त्याचा शब्द शेवटचा.

त्या दिवशी जाळीमागं एक माणूस बसला होता. मोठ्या क्लबसाठी खेळाडू हेरणारा. त्याच्याकडं पोलीस गाड्यांवर रोखतात तसलं वेग मोजायचं यंत्र होतं, तेव्हा नवीनच निघालेलं. तो माझ्यासाठी आलाय असं सगळे म्हणत होते. आणि ऑर्व्ह, तू दोन डाव नुसते वळणारे मागत होतास. चूक नव्हतं तुझं, एकाही फलंदाजाला चेंडू धड लागत नव्हता. पण त्या यंत्राला वळणाऱ्याचं काय कौतुक? पाचव्या डावात मी पाहिलं, त्यानं यंत्राची पेटी उघडून मांडीवर घेतली. घड्याळ पाहिलं. यंत्र आत ठेवून तो उठायच्या बेतात होता.

दुसऱ्या बेसवर धावणारा होता. तू खाली बसलास. एक, एक, दोन, एक.

तिसरी खूण दोनची होती. तू दोनच बोटं दाखवलीस. सावलीबिवली काही नव्हती. पांढरीफटक चुन्यानं रंगवलेली नखं होती तुझी, लांबून दिसावीत म्हणून, आणि मला ती दोन्ही बोटं आत्ता हा कागद दिसतोय इतकी स्वच्छ दिसली.

मी मान डोलावली. तुला "हो" म्हटलं. आणि अंगात होता नव्हता तेवढ्या जोरानं सरळ टाकला.

मला फक्त तो आकडा हवा होता. तुला लागेल असं मनात आलं नव्हतं, असं लिहिणार होतो. पण ते आलं होतं. हात मागं गेला तेव्हा आलं होतं, आणि तरी मी थांबलो नाही. तू वळणारा खाली पडेल म्हणून दोन्ही हात जमिनीलगत नेलेस. चेंडू तुझ्या उघड्या उजव्या अंगठ्यावर बसला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

फलंदाजाची बॅट हवेत फिरली. जाळीमागच्या माणसानं यंत्राकडं पाहिलं, मग शेजारच्याला दाखवलं. ताशी सत्त्याण्णव मैल. तू मातीत हात पोटाशी धरून बसला होतास, आणि ऑर्व्ह, मी आधी त्याच्याकडं पाहिलं. मग तुझ्याकडं.

संध्याकाळी क्रोलनं विचारलं, "कोणी घोळ घातला?" मी म्हणालो, "तिसरी खूण एकची होती. मी एकच पाहिलं." तू दवाखान्यात होतास. तिथं तुला कोणीतरी सांगितलं की ली म्हणतो एक होतं. आणि तू काय म्हणालास ते मला क्रोलनंच येऊन सांगितलं. "ली म्हणतो तर एकच असणार. माझंच चुकलं." माझ्यावर इतका विश्वास! मी त्या वेळी सामान भरत होतो. मोठ्या क्लबचा माणूस बाहेर गाडीत थांबला होता.

तुझ्या लग्नाला मी येऊ शकलो असतो. ज्यांचं कारण मी सांगितलं ते व्हेनेझुएलातले हिवाळी सामने लग्नानंतर दोन दिवसांनी सुरू होणार होते. तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं मला, तुझा हात प्लास्टरमध्ये, आणि तू डार्लीनच्या बोटात अंगठी कुठल्या हातानं घालणार, या नुसत्या विचारानंच मी तिकीट बदललं.

तुझं चुकलं नव्हतं. तू विसरला नव्हतास. तू दोन दाखवलीस, तिसऱ्या जागी, जिथं दाखवायची तिथंच. बोटं तुला मोजता येतात. हे कमिटीला दाखव, गावात चिकटव, तुला हवं ते कर. मी सही करतोय, पूर्ण नावानं.

लेलंड जोसेफ ह्रुश्का


११ जून
मिडलंड

ऑर्व्ह,

पत्र पोचलं का? डार्लीनचाही फोन नाही. टीम कोणाला मिळाली तेही कळलं नाही. तू मला कळवायला बांधील नाहीस, हे कळतं मला. पण रोज टपालाचा डबा उघडून बघतो.

इथलं सांगतो, दुसरं कोणाला सांगणार?

तुला लिहिलं त्यानंतरच्या दौऱ्यावरून परतताना फॉन्तेनोनं बसमध्ये परत तोच विषय काढला. "आजोबा, खरं सांग, नाही का म्हणत नाहीस? बायकोनं सवय लावली का?" सगळी पोरं हसली. मला बायको नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, बस इथं, सांगतो. सगळं सांगितलं, तुला लिहिलं तितकंच. त्याचा चेहरा बदलत गेला. तो उठून पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि मिडलंड येईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मी मूर्ख. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं ओझं उतरवलं म्हणजे कोणीतरी पाठीवर हात ठेवेल.

दुसऱ्या दिवशी सरावाला मी पिचरच्या उंचवट्यावर गेलो आणि फॉन्तेनो समोर बसला. त्याचा ग्लोव्ह नसलेला उजवा हात कमरेमागं, पार पाठीला चिकटवलेला. साधे, हलके, हात मोकळा करायचे चेंडू होते ते. दहा वर्षांचं पोरही उघड्या हातानं झेलेल असे. मी प्रत्येक चेंडूआधी मोठ्यानं सांगत होतो, सरळ येतोय, सरळच येतोय. तरी हात मागंच. आता तो मला आजोबा म्हणत नाही. लेलंड म्हणतो.

एव्हाना सगळ्यांना कळलंय. शिव्या कोणी देत नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "गुड मॉर्निंग" म्हणतात, मीठ मागितलं तर मीठ पुढं करतात. दुसरा कॅचर सरावाला बसायचं म्हटलं की त्याचा गुडघा दुखतो. शेवटचे तीन दिवस मी भिंतीवर चेंडू मारले. भिंतीवर खडूनं चौकोन काढला होता.

काल मॅनेजरनं बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं की काय ते सगळ्यांना कळतं. एप्रिलमध्ये याच माणसानं मला विचारलं होतं, पुढच्या वर्षी पिचर लोकांना शिकवशील का म्हणून. मी ते तुला लिहिलं नव्हतं. म्हटलं, नक्की झालं की लिहू. आयुष्यात मिळालेली शेवटची नोकरी होती ती. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "लेलंड, कॅचरला तुझ्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर मी तुला कोणासमोर उभा करू? आणि तू पोरांना काय सांगशील, की मान डोलावलीत तर शब्द पाळा?"

मी म्हटलं, तेच सांगितलं असतं.

त्यानं हात पुढं केला. मी धरला. कपाट रिकामं करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. निघताना फॉन्तेनो दारात भेटला. म्हणाला, "तुझ्या त्या मित्राला लिहिलंस हे?" म्हटलं, "हो, आधी त्याला, मग तुला." त्यानं मान हलवली आणि दारातून बाजूला झाला.

वेट्रेस अजून विचारते, "एकच ना?"

ली


७ जुलै
मिडलंड

ऑर्व्ह,

तुझं पत्र शनिवारी आलं. कार्ड नव्हे, पत्र. डब्यापाशीच उभ्यानं वाचलं.

टीम घेतलीस! एकतीस मेला संध्याकाळी कमिटीच्या दारात जाऊन "देताय का अजून?" असं विचारलंस, आणि पेट्रोल पंपवाल्याचा जीव भांड्यात पडला. हे वाचून मी हसलो. रस्त्यात, एकटाच. आता तू टेबलावर बोटं मांडत नाहीस, असं खाली डार्लीननं लिहिलंय. तुझं अन्न गार होत नाही. बास. मला यापेक्षा चांगली बातमी बऱ्याच वर्षांत मिळालेली नाही.

तू लिहितोस की माझं पत्र तू पोरांना वाचून दाखवलंस, नावासकट. बरोबर केलंस. आणि कॅचर पोरांना सांगितलंस की पिचरची मान बघू नका, त्याचे डोळे बघा. तेही बरोबर. त्या दिवशी माझे डोळे जाळीमागं होते.

तू माफ करत नाहीस, असं लिहितोस. "अजून नाही, आणि कधी करेन ते माहीत नाही. डार्लीन म्हणते, थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये. मी काही म्हणत नाही." ठीक आहे. तू म्हणेपर्यंत मी येणार नाही. तिला सांग, तिच्यावर रागावलेलो नाही.

मी इथंच आहे. टायरच्या दुकानात काम मिळालंय. खांदा आता कमी दुखतो, कारण त्याच्याकडं कोणी काही मागत नाही. संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागतात ते खोलीच्या खिडकीतून दिसतात. मी पडदा ओढून घेतो.

पण तुझ्या पत्राचा शेवट. तो मी परत परत वाचतोय. इथं उतरवतो, म्हणजे मी नीट वाचला हे तुला कळेल.

"एक गोष्ट तुला माहीत नाही, ली. त्याआधीचा चेंडू फाऊल जाऊन मागं पडला, तो बघायला मी वळलो होतो. तेव्हा मलाही दिसलं की तो माणूस पेटी उघडून बसलाय. तुला वाटलं, फक्त तुलाच दिसलं? मी दोन डाव त्याचाच विचार करत होतो. त्या फलंदाजाला मला आधी एक वळणारा दाखवायचा होता, म्हणजे तो मागं रेलला असता आणि पुढच्या चेंडूला त्याची बॅट हललीही नसती. पुढचा चेंडू तुझा होता. एक बोट, पूर्ण जोर, सरळ मधोमध, त्या माणसाच्या नाकासमोर. मी ते तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

अकरा वर्षं मी मानत आलो की मान आडवी हलवायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि तेवढंच माझं चुकलं. ते धैर्य दाखवायची गरजच नव्हती, ऑर्व्ह. भांडायचं नव्हतं, नाही म्हणायचं नव्हतं, कोणाचं सामानही उचलायचं नव्हतं. तू मागितलास तो एक चेंडू टाकायचा आणि पुढच्यासाठी थांबायचं, एवढंच काम होतं माझं.

ली